एकतिसावी खेप

जगात जे काही टिकलं ते आतल्या गाभ्यामुळे टिकलं नाही, वरच्या आवरणामुळे टिकलं. दाणा टरफलामुळे, तलवार म्यानामुळे आणि माणूस रीतिभातीमुळे. आमचे विभागप्रमुख डॉक्टर ओस्तोवार हे वाक्य दर मेहेर महिन्यात नव्या विद्यार्थ्यांना उभं राहून ऐकवतात. त्या वेळी त्यांच्या कोटाचं खालचं बटण तुटलेलं असतं. मी सहा वर्षं पाहतोय.

इराणमधल्या काशानच्या या विद्यापीठात मी यंत्रं सांभाळतो. लोक मला 'मोहंदिस' म्हणतात, म्हणजे इंजिनिअर. ते खरं आहे, पण त्याचा फारसा उपयोग झालेला नाही. आमच्या प्रयोगशाळेची भाकरी मात्र डॉक्टरांच्या त्या वाक्यावरच चालते. आम्ही चुंबकी कण बनवतो. मधोमध लोखंडाचा काळा कण, इतका बारीक की केसाच्या जाडीत हजारो बसावेत. त्यावर काचेचा पातळ थर. काचेवर गंधकाचे गळासारखे आकडे. हे कण शिसं मिसळलेल्या पाण्यात टाकले की शिसं आकड्यांना अडकतं. मग बाहेरून लोहचुंबक लावायचा, सगळं काळं एका बाजूला गोळा होतं आणि पाणी ओतून घेता येतं.

ऐकायला सोपं आहे. करायला आमच्या संशोधक विद्यार्थिनीला, तूबा सदाकतला, साडेचार वर्षं लागली. काचेचा थर पातळ राहिला तर आम्ल आतलं लोखंड खातं. जाड झाला तर आत लोखंड आहे हे चुंबकालाही पटत नाही. तिची तिसरी खेप दह्यासारखी विरजली. अकरावी लाल झाली, म्हणजे गंजली. एकोणिसावी उत्तम चालली होती, तेवढ्यात वीज गेली आणि ढवळणी थांबली. एकतिसावी साधली. दोन ग्रॅम काळी भुकटी, औषधाच्या बाटलीएवढ्या कुपीत. बत्तिसावी आणि तेहेतिसावी पुन्हा बिघडल्या. काच बनवायचं जुनं रसायन संपलं होतं आणि नवं कुणाच्या तरी सुटकेसमधून तब्रीझमार्गे आलं होतं. ते आलं तेच गढूळ.

म्हणून त्या दोन ग्रॅमवर सगळं अडलं होतं. तूबाचा निबंध एका मासिकाकडे गेला होता. तिथल्या परीक्षकाने विचारलं, 'याच खेपेची चुंबकी मोजणी कुठे आहे?' मोजणी नव्हती, कारण माझं यंत्र दै महिन्यापासून, म्हणजे ऐन हिवाळ्यापासून, एका सुट्या भागाची वाट पाहत बंद होतं. भाग आला तेव्हा उत्तर पाठवायला नऊ दिवस उरले होते. निबंध स्वीकारला गेला नाही तर प्रबंधाची तोंडी परीक्षा नाही, आणि पुढच्या महिन्यात, खोर्दादअखेर, ती झाली नाही तर मुदत संपली म्हणून नाव कमी. साडेचार वर्षं आणि तेहेतीस खेपा दाखवून घरी जायचं.

मी तिला मंगळवारी सकाळी नऊची वेळ दिली. रविवारी पाहुणा आला.

पाहुण्याचं नाव इरज गुलाबची. घराणं कमसरचं, पिढ्यान्‌पिढ्या गुलाबपाणी काढणारं. हा मात्र सव्वीस वर्षं स्वीडनमध्ये राहून, वडील वारल्यावर भट्ट्या सांभाळायला परतलेला. डॉक्टरांशी कुणाच्या तरी लग्नात ओळख झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "कधी तरी पायधूळ झाडा." तो झाडायला आला.

चहा झाला. डॉक्टरांनी कुपी मागवली.

"थोडीच भुकटी घेऊ या, डॉक्टर," तूबा म्हणाली. "दाखवायला चिमूटभर पुरते."

"खानम सदाकत, माणूस युरोपातून आलाय. त्याच्यापुढे चिमूट?" आणि डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने सगळी कुपी पाण्याच्या बाटलीत रिकामी केली. पाहुण्यासमोर हात आखडता घेऊ नये, हे त्यांना लहानपणी शिकवलं होतं. नमुना राखून ठेवावा हे नंतर शिकवलं, त्यामुळे तेवढं पक्कं बसलेलं नाही.

पाणी शाईसारखं काळं झालं. डॉक्टरांनी बाटलीला चुंबक लावला. काळं सगळं सरकत एका बाजूला जमलं आणि पाणी नितळ झालं. हा खेळ मी दोनशे वेळा पाहिला आहे, तरी दरवेळी मान पुढे जाते.

"कमाल आहे!" गुलाबची म्हणाला. "किती सुंदर!"

"छे, यात काय सुंदर? तुमच्यापुढे काहीच नाही," डॉक्टर बाटली दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाले. "पेशकश. तुमचीच आहे. न्या."

आता गुलाबचीने काय म्हणायचं हे काशानमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. 'नको नको, धन्याकडेच शोभते' म्हणायचं. डॉक्टर पुन्हा 'न्याच' म्हणणार. मग पुन्हा नको. तिसऱ्या नकोनंतर बाटली टेबलावर जाते, दोघांच्याही मनाला बरं वाटतं आणि दुसरा चहा येतो.

"खरंच?" गुलाबची म्हणाला. "फार आभारी आहे, डॉक्टर." आणि त्याने बाटली कोटाच्या खिशात घातली.

तूबा माझ्याकडे बघत होती, मी यंत्राच्या माहितीपुस्तकाकडे. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. आणि इतकं झाल्यावरही त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "चुंबकाशिवाय काय मजा? हाही घ्या."

त्याने चुंबकही घेतला.

दार लागल्यावर तूबा हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, ती एकतिसावी होती."

"मला काय ठाऊक तो घेईल म्हणून!"

"तुम्हीच म्हणालात, न्या."

"म्हणणारच! मग काय म्हणू? हात लावू नका, आमचं आहे? माझ्या आईने मला तबेल्यात वाढवलेलं नाही, खानम!"

"मग आता फोन करून परत मागा."

"दिलेली भेट परत मागू?" डॉक्टर खुर्चीत बसले. "मोहंदिस, तुम्हीच सांगा हिला."

"मी काय सांगणार?" मी म्हणालो. "माझ्याकडे मंगळवारी नऊ वाजता यंत्र रिकामं आहे."

सोमवारी डॉक्टरांनी फोन केला. आम्ही दोघं समोर बसलो होतो. आधी गुलाबचीची तब्येत, मग त्याच्या आईची तब्येत, मग गुलाबाचं पीक, मग स्वर्गवासी वडिलांचे गुण. सतरा मिनिटं. मग डॉक्टर म्हणाले, "आणि ती आमची क्षुल्लक बाटली... जागा अडवून बसली असेल ना तुमच्या घरी?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "छे छे, शोभेला कशाला? तुमच्याच कामासाठी दिलीय. वापरा, अगदी मोकळेपणाने वापरा." मग आणखी काहीतरी. डॉक्टर म्हणाले, "नाही हो, तुम्हाला कशाला त्रास!" आणि मग ते फोनकडे बघत राहिले.

"काय झालं?" तूबाने विचारलं.

"त्याने शुक्रवारी जेवायला बोलावलं. मी म्हणालो, कशाला त्रास. तो म्हणाला, बरं. आणि ठेवला." डॉक्टरांचा आवाज खऱ्या दुःखाने भरून आला होता. "एकदाच बोलावलं, मोहंदिस! एकदाच!"

मंगळवारी नऊ वाजता माझं यंत्र रिकामं फिरलं. बुधवारी तूबा म्हणाली, "मी जाते कमसरला. तुम्ही गाडी काढता का?" तिच्या आईने हाजी-बादाम या बदामी मिठाईचा डबा दिला होता, रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून. माझी पांढरी प्राइड चढावर तापते, तिला दोनदा सावलीत उभी केली. ऊर्दिबेहेश्त महिना, सगळीकडे गुलाबाची तोडणी चाललेली. वाटेतल्या प्रत्येक दुकानात खरं गुलाबपाणी मिळेल, आणि शेजारच्या दुकानातलं खोटं असेल, असं लिहिलेलं होतं.

गुलाबचींच्या अंगणात पाकळ्यांचा गुडघाभर ढीग होता. भिंतीलगत तांब्याचे हंडे रांगेने मांडलेले. मधोमध दगडी हौद, लहानसाच, आमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलाएवढा आणि मांडीभर खोल. नवरोजला आणलेले दोन लाल मासे त्यात फिरत होते. इरजची आई, कौकब खानम, पाकळ्या निवडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली, आणि उठू नका म्हणून आम्ही जितकं सांगितलं तितकी आणखी उठली.

चहा आला. तूबाने नको म्हटलं, कौकब खानमने ओतला. पुन्हा नको, पुन्हा ओतला. दोन बायका एकमेकींना इतकं अचूक ओळखत होत्या की मला बरं वाटलं. मग इरज आला. तूबाने श्वास घेतला. वाटेत गाडीत तिने मला विचारलं होतं, "सरळच मागितलं तर?" मी म्हणालो होतो, सरळ मागायचं कसं असतं ते मला माहीत नाही.

"आगा गुलाबची," ती म्हणाली, "ती बाटली मला परत हवी आहे. ती माझ्या परीक्षेची आहे. डॉक्टरांनी उगाच दिली."

कौकब खानमच्या हातातली पाकळी हातातच राहिली. माझी नजर हंड्यांकडे गेली.

"हो, न्या की!" इरज म्हणाला. "मग परवा फोनवर का नाही सांगितलं? तोवर कपाटातच होती. डॉक्टर म्हणाले मोकळेपणाने वापरा, म्हणून काल ओतली हौदात."

"सगळी?"

"याने पाणी स्वच्छ होतं म्हणाले होते ना."

तूबा हौदाच्या काठावर बसली. रडेल असं मला वाटलं. पण ती पाण्यात वाकून बघत होती. कमसरचं पाणी क्षारांचं. अशा पाण्यात हे कण तरंगत नाहीत, एकमेकांना धरून तळाशी बसतात. हौदाच्या तळाला, शेवाळ आणि गाळावर, कुणी काजळ सांडल्यासारखा डाग दिसत होता.

"चुंबक कुठाय?" तिने विचारलं.

इरजने भेटीतला चुंबक आणला. तो एकच, आणि काडेपेटीएवढा. मी गाडीच्या मागच्या स्पीकरचा चुंबक पेचकसाने सोडवला. तो स्पीकर तसाही फक्त बातम्यांच्या वेळी खरखरायचा. कौकब खानम आत जाऊन फ्रिजच्या दारावरचे पाच चुंबक घेऊन आली. एक डाळिंब, एक मशहदची आठवण, एक गॅसवाल्याचा नंबर, दोन मांजरं.

"याने होईल का काही, पोरी?"

"होईल, खानम. तुमचे हात न दुखोत," तूबाने आभार मानले.

तूबाने प्रत्येक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बाह्या सरसावल्या. चुंबक तळावरून हळूहळू फिरवायचा. काळं पिशवीला चिकटतं. मग पिशवी लोणच्याच्या बरणीवर धरून आतला चुंबक काढून घ्यायचा, की काळं बरणीत गळून पडतं. चुंबक उघडा बुडवला असता तर ते खरवडत बसावं लागलं असतं. आम्ही तिघं हौदाच्या तीन बाजूंना पालथे पडून हे काम करत होतो. मासे एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"पन्नास वर्षं झाली मला या घरात येऊन," कौकब खानम म्हणाली. "आमच्या हौदाचा गाळ न्यायला मिठाई घेऊन कुणी आलं नव्हतं."

"आई, ते विज्ञान आहे," इरज म्हणाला.

"असेल. तुझ्या बापाला वीस वेळा सांगितलं होतं, हौद साफ करा. त्याला विज्ञान माहीत नव्हतं, म्हणून राहून गेला."

"मांजर चिकटलं, खानम!" मी ओरडलो. एक मांजर सुटून नळाच्या लोखंडी पाइपाला जाऊन बसलं होतं. ते काढताना पाइपाचा गंज पोपड्यासारखा निघाला आणि सगळा पाण्यात उतरला. तूबाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठा आहे, म्हणून ती काही बोलली नाही. कौकब खानम माझ्याहून मोठी होती. ती म्हणाली, "इंजिनिअर आहेत ना हे?"

दुपार गेली. निघताना तूबाने एका बाटलीत हौदाचं आणि दुसरीत नळाचं पाणीही भरून घेतलं. तिला तशी सवय आहे. कौकब खानमने आम्हाला जेवून जाण्याचा आग्रह केला. आम्ही तीनदा नाही म्हणालो, तिने चारदा वाढलं, आणि आम्ही जेवलो. इरज हे सगळं परदेशी सिनेमा बघावा तसं बघत होता.

शनिवारी प्रयोगशाळेत बरणी धुतली, वाळवली, वजन केलं. ओतले होते दोन ग्रॅम. परत आले तीन ग्रॅम चार दशांश.

"एकशे सत्तर टक्के!" डॉक्टर म्हणाले. "जगात कुणी इतकी परतफेड दाखवलेली नाही. लिहा."

"डॉक्टर, उरलेला नळाचा गंज आहे."

"गंजही लोखंडच."

मी त्यातली चिमूट यंत्रात घातली. माझं यंत्र दोन गोष्टी सांगतं. कणाला चुंबकाची ओढ किती, आणि चुंबक दूर केल्यावर तो ती ओढ विसरतो का. चांगला कण लगेच विसरतो, कागदावर एकच सडपातळ रेघ येते. वाईट कण मनात धरून बसतो, रेघ फुगते. आमची रेघ गरोदर होती.

"हे पाठवलं तर संपलंच," तूबा म्हणाली. दोन दिवस उरले होते.

ती बरणीकडे बघत बसली. डॉक्टरांनी चहा मागवला. मी काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठली आणि आम्लाच्या कपाटाकडे गेली.

"खानम सदाकत!" डॉक्टर दचकले. "आम्लात टाकलं तर सगळं विरघळेल."

"गंज विरघळेल. तो उघडा आहे. माझ्या कणांवर काच आहे." तिने ओतलं. "असायला हवी."

आम्ल आधी लिंबासारखं पिवळं झालं, मग चहासारखं. सगळा दिवस ती मधूनमधून ढवळत होती. डॉक्टर दर वीस मिनिटांनी काही तरी विसरल्यासारखं करून आत डोकावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्ल ओतून टाकलं, तळाचं काळं चार वेळा धुतलं, वाळवलं. एक ग्रॅम दोन दशांश उरलं होतं. म्हणजे आठ दशांश कुठेतरी हौदात आहेत, किंवा माशांत.

मी मोजलं. रेघ सुताइतकी बारीक आली. तूबाने कागद हातात घेतला, उलटा करून मागचा भागही पाहिला, आणि मग एकदम खाली बसली. काही झालं नव्हतं. आदल्या सकाळपासून नीट जेवली नव्हती इतकंच. मी हाजी-बादामच्या डब्यात उरलेले दोन तुकडे दिले. निघताना कौकब खानमने अर्धा डबा परत भरून दिला होता.

उत्तर मुदतीच्या दिवशी दुपारी गेलं. महिन्याभरात निबंध स्वीकारल्याचं कळलं. तोंडी परीक्षा खोर्दादच्या सत्तावीस तारखेला ठरली.

दरम्यान डॉक्टरांना सुचलं की एवढं सगळं झालंय ते वाया का घालवायचं. त्यांनी प्रबंधात एक प्रकरण घालायला लावलं, 'प्रत्यक्ष वापरातील पाण्यावर चाचणी'. त्यात हौदाचा फोटो होता. फोटोत दोन लाल मासे आणि माझा एक बूट दिसत होता.

परीक्षेला इरज गुलाबची आला. डॉक्टरांनी त्याला 'आपण आलात तर सभेची शोभा वाढेल' असं कळवलं होतं. आता तो येणार हे आम्हाला माहीत होतं, म्हणून एक खुर्ची आधीच जास्त मांडली होती. त्याने डॉक्टरांसाठी गुलाबपाण्याच्या चार बाटल्या आणल्या होत्या, पहिल्या वाफेच्या.

"अरे, हे कशाला? आम्ही कसं घेणार!" डॉक्टर म्हणाले.

"बरं," म्हणून त्याने त्या पिशवीत परत ठेवल्या. मग तूबाकडे वळून म्हणाला, "तुम्हाला हव्यात का?"

"हो," तूबा म्हणाली. "चारही."

बाहेरचे परीक्षक इस्फहानहून आले होते. वयस्कर, अबोल, कागद जवळ धरून वाचणारे. तूबाने पाऊण तास सांगितलं. थर, काच, आकडे, आम्ल, रेघ. त्यांनी रेघेबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी ते नवं प्रकरण उघडलं आणि चष्मा वर केला.

"या हौदातून शिसं किती टक्के निघालं? आकडा दिसत नाही."

तूबाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पंख्याकडे बघत होते.

"शून्य," तूबा म्हणाली.

"म्हणजे तुमच्या कणांना पकडता आलं नाही?"

"पकडायला नव्हतं. मी पाणी तपासलंय. नळाच्या पाण्यातही नव्हतं, हौदातही नव्हतं."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं आणि वीसपैकी साडेअठरा गुण दिले. त्या हौदाचं पाणी वरच्या झऱ्यातून येतं. त्यात शिसं नाही.